मामांचं वजन किती?

अकोले म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? थांबा, मीच सांगते. काजवे! मे संपत आला की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतो, ‘भंडारदरा, फ्रायडे नाइट, कोण कोण?’ मग दोन गाड्या, चार टेंट, चिप्सची पाकिटं आणि रात्री उशिरा झाडाखाली माना वर करून ‘वॉव’! काजव्यांत इंटरेस्ट नसलेली मंडळी कळसूबाई चढतात. १६४६ मीटर, महाराष्ट्रात याहून उंच काही नाही, त्यामुळे फोटोला कॅप्शन शोधावी लागत नाही. चढायचा कंटाळा असेल तर सांदण दरी आहेच. रविवारी संध्याकाळी परत पुणे-मुंबई, सोमवारी बायोमेट्रिक.

माझ्यासाठी मात्र अकोले म्हणजे मामांचं गाव. राजूरच्या पुढे, जिथे मोबाइलची रेंज आधी जाते आणि मग डांबर जातं, तिथे माझ्या आईचं माहेर. जिल्हा अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथल्या. भाताची खाचरं, नागलीची भाकरी, वालाची उसळ आणि मामांच्या खांद्यावर बसून बघितलेलं जग.

आता कबुलीजबाब. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी गावी गेले होते. मामा समोर आले तर ओळखूच येईनात! गाल आत गेलेले, शर्टाची कॉलर मानेभोवती लोंबतेय, मनगटावरचं घड्याळ सरकून कोपरापर्यंत. आणि मी, पुण्यातली हुशार पत्रकार भाची, काय म्हणाले असेन? ‘मामा, काय सॉलिड फिट दिसताय! आम्ही जिमला हजारो रुपये भरतो आणि तुम्ही फुकटात?’ सगळे हसले. मामाही हसले. मामी तेवढी हसली नव्हती. पण हे मला नंतर आठवलं.

बुरशी? भाकरीला येते ती?

फेब्रुवारीत फोन आला. मामांच्या पोटात अचानक असह्य कळ, पोट लाकडासारखं कडक. १०८ची गाडी, आधी संगमनेर, तिथून शहरातलं एक मोठं हॉस्पिटल. नाव नको, कारण मुद्दा नावाचा नाहीच. गुडघे दुखतात म्हणून मामा कित्येक महिने दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होते. त्या गोळ्यांनी पोटात अल्सर झाला होता. जेवलं की दुखायचं म्हणून त्यांनी जेवण कमी केलं. एक भाकरीची अर्धी झाली, अर्धीची चतकोर. शेवटी अल्सर फुटला. रात्रीत ऑपरेशन झालं, मग आयसीयू.

ऑपरेशन छान झालं, असं सगळेच म्हणत होते. आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी ताप. अँटिबायोटिक बदललं, ताप जाईना. रक्ताचं कल्चर पाठवलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. ‘रक्तात बुरशी सापडलीय. कँडिडा ट्रॉपिकॅलिस.’

मामीने विचारलं, ‘बुरशी? म्हणजे भाकरीला येते ती?’

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजन्म आभारी आहे. ते म्हणाले, ‘तिचीच लांबची बहीण म्हणा.’

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळी बुरशी आपल्या सगळ्यांच्या डिक्शनरीत आली. अँफोटेरिसिन नावाच्या इंजेक्शनसाठी लोक शहरभर फिरत होते, आठवतंय? पण ही ती नव्हे. काळी बुरशी म्हणजे म्युकर. ती बहुतेक वेळा नाकातून शिरते आणि सायनस, डोळा, मेंदू अशी पुढे सरकते. कँडिडा मात्र बाहेरून यावीच लागते असं नाही. ती तुमच्या-माझ्या तोंडात, आतड्यात, कातडीवर आत्ता या क्षणीही असू शकते. एरवी निमूट राहते, कारण आतड्यातले बॅक्टेरिया तिला जागा देत नाहीत, आतड्याचं अस्तर तिला आत सोडत नाही आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी चुकून शिरलेलीला गिळून टाकतात.

आयसीयूत हे तिन्ही राखणदार एकदम सुट्टीवर जातात. अँटिबायोटिक्सनी बॅक्टेरिया मरतात. पोटाच्या ऑपरेशनने भिंतीला भगदाड पडतं. मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी, ज्याला सेंट्रल लाइन म्हणतात, ती तर थेट हायवे! आणि पेशंट मुळातच उपाशी असेल तर? तोच तर आजचा विषय.

एक आकडा सांगते. चंदीगडच्या पीजीआयमधले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या २७ आयसीयूंमधून रक्तातल्या कँडिडाच्या १,४०० केसेस गोळा केल्या. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण होतं ४४.७ टक्के. म्हणजे जवळजवळ नाणं उडवून बघण्यासारखं. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडली ती ट्रॉपिकॅलिसच, मामांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची पहिलीवहिली यादी काढली, त्यात सर्वांत वरच्या गटात कँडिडाच्या दोन जाती आहेत, अल्बिकन्स आणि ऑरिस. ऑरिस म्हणजे लॅटिनमध्ये कान. २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात ती पहिल्यांदा सापडली, म्हणून हे नाव. नाव गोंडस, पण बऱ्याच औषधांना दाद देत नाही.

वजन? असेल पंचावन्न!

आता गोष्टीतला तो भाग, ज्याच्यासाठी मी हा कॉलम लिहायला घेतला.

डॉक्टरांनी अँफोटेरिसिन सुरू केलं. हे औषध किलोमागे अमुक मिलिग्रॅम असं मोजून द्यायचं असतं. कमी पडलं तर बुरशी हसते, जास्त झालं तर किडनी रडते. पहिला डोस गेला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या डाएटिशियन मॅडम आल्या, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी मामांचा दंड हातात धरला, फाइल बघितली, परत दंड बघितला आणि विचारलं, ‘हे पंचावन्न किलो कोणी लिहिलं?’

मास कॉमच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवलं होतं, आकडा दिसला की आधी विचारा, कोणी दिला? मी त्या क्षणी मान खाली घातली. कारण आकडा मी दिला होता! ॲडमिशनच्या रात्री गडबडीत कोणीतरी विचारलं, ‘पेशंटचं वजन?’ आणि मी कधीकाळच्या आठवणीवर ठोकून दिलं, ‘असेल पंचावन्न.’ त्यांनी लिहून घेतलं. पुढे बारा दिवस, लाखोंच्या मॉनिटरांच्या गराड्यात, कोणीही मामांचं वजन केलं नाही. मीही म्हटलं नाही की एकदा करा.

मॅडमनी बेडसकट वजन करणारा काटा मागवला. एक्केचाळीस. ‘आणि यातलं थोडं तर अंगावर चढलेलं पाणीच आहे,’ त्या म्हणाल्या. म्हणजे पंचावन्नच्या हिशेबाने गेलेला डोस जवळजवळ एक तृतीयांश जास्त होता. डोस लगेच बदलला, पुढचे कितीतरी दिवस रोज किडनीचा रिपोर्ट. सुदैवाने निभावलं.

पण चौदा किलो! माणसाचा चौथा हिस्सा आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला होता आणि आम्ही त्याला ‘फिट’ म्हणत होतो.

उपाशी शरीर कसं लढतं?

त्या दिवसांत आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून मी डाएटिशियन मॅडमना प्रश्न विचारून अक्षरशः पिडलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

पहिलं, आतडं. आतड्याचं अस्तर सतत नवं बनत असतं आणि त्याला खुराक मिळतो तो थेट आपण खातो त्या अन्नातून. बरेच दिवस पोटात काही गेलं नाही की ते अस्तर पातळ होतं. भिंत पातळ झाली की आतली बुरशी रक्तात जायला मोकळी.

दुसरं, सैन्य. पांढऱ्या पेशी, अँटिबॉडीज, सगळं प्रोटीनवर चालतं. कुपोषित माणसात पेशी कमी बनतात आणि ज्या बनतात त्या मरगळलेल्या असतात. कधीकधी तर तापसुद्धा नीट येत नाही! त्यामुळे कोणाला शंका येत नाही आणि निदानाला उशीर होतो. त्यात रक्ताचं कल्चर हे काही जादूची कांडी नाही. बुरशी उगवून दिसायला दोन-तीन दिवस लागतात आणि साधारण निम्म्या पेशंटमध्ये ती सापडतच नाही.

तिसरं, औषध. काही बुरशीरोधक औषधं रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतात. अल्ब्युमिन तळाला गेलं की औषधाचा हिशेबही डळमळतो. रक्तात कँडिडा असलेल्या पेशंटच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ज्यांचं अल्ब्युमिन कमी, ते जास्त दगावतात. पण इथे एक गंमत आहे. अल्ब्युमिन नुसत्या उपासमारीने कमी होत नाही, आजाराच्या तडाख्यानेही होतं. म्हणजे रिपोर्टमधला एक आकडा बघून ‘हा कुपोषित’ असा शिक्का मारता येत नाही. त्यासाठी जुनाच मार्ग, काटा, टेप आणि एक साधा प्रश्न, ‘गेल्या सहा महिन्यांत किती उतरलात?’

चौथं, स्नायू. खोकला काढायला, उठून बसायला, व्हेंटिलेटरवरून सुटायला स्नायू लागतात. शिल्लकच नसेल तर माणूस जास्त दिवस आयसीयूत राहतो, नळ्या जास्त दिवस राहतात आणि बुरशीला परत संधी मिळते. असं ते चक्र.

मग मी म्हटलं, ‘सोपंय, शिरेतून सगळं पोषण द्या ना!’ मॅडम हसल्या. शिरेतून दिलं जाणारं पोषण हेच कँडिडाचं एक ठरलेलं निमंत्रण आहे म्हणे. लाइन लागते आणि आतडं तसंच उपाशी राहतं. म्हणून शक्य असेल तर नळीने का होईना, पोटातच द्यायचं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस आहे की आयसीयूतल्या पेशंटला शक्यतो पहिल्या ४८ तासांतच आतड्यातून अन्न सुरू करावं.

आणि तेही हळू! महिनोन्‌महिने उपाशी असलेल्याला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट धाडकन उतरतं, हृदय थांबूही शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांमध्ये हे दिसलं होतं. म्हणून आधी बी-वन व्हिटॅमिन, मग थोडं थोडं अन्न, रोज रक्ततपासणी. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘त्यात काय नवीन? लंघनानंतर आधी पेजच देतात.’ यावर मॅडमनी तिला चक्क टाळी दिली!

मामांची सेंट्रल लाइन बदलली. डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासला, कारण ही बुरशी डोळ्यात जाऊन बसू शकते. एक दिवसाआड कल्चर. ज्या दिवशी कल्चर पहिल्यांदा कोरं आलं, त्या दिवसापासून मोजून १४ दिवस औषध. शेजारच्या बेडवरच्या काकांनाही हीच बुरशी होती. त्यांचं कल्चर कोरं आलंच नाही. त्यांची मुलगी माझ्यासोबत त्याच बाकड्यावर बसायची. ४४.७ टक्के हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा मला ती मुलगी दिसते.

अंगणवाडीतला काटा

कुपोषण म्हटलं की आपल्याला फक्त लहान मुलं दिसतात, मेळघाटातली, जव्हारमधली. ते खोटं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाचाखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोड. त्यांच्यासाठी निदान काटा तरी आहे. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण मिळतं. पण मोठ्या माणसांचं काय? त्याच पाहणीत पुरुषांचं वजन-उंची मोजतात ती वय १५ ते ५४ पर्यंत. आमचे मामा अठ्ठावन्नचे. म्हणजे हे मोजमापही त्यांच्या चार वर्षं आधीच थांबतं!

आणि हे सगळं कुठल्या तालुक्यात? तर ज्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंनी घरात गावरान बियाणांची बँक उभी केली आणि २०२० मध्ये ज्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्या तालुक्यात. वाल, नागली, वरई, रानभाज्या, आपण शहरात ज्याला ‘सुपरफूड’ म्हणून चकचकीत पाकिटात विकत घेतो ते सगळं तिथे बांधावर होतं. मामांच्या घरातही होतं. पण दुखणाऱ्या पोटात चतकोर भाकरीच्या वर काही उतरतच नव्हतं आणि ‘का उतरत नाही’ हे विचारणारं कोणी नव्हतं. कुपोषण म्हणजे दरवेळी रिकामा डबा नव्हे. कधीकधी भरलेल्या घरात एक माणूस हळूहळू जेवायचा थांबतो, एवढंच.

म्हणून, वाचकहो, तीन गोष्टी. फार नाहीत, फ्रिजवर चिकटवता येतील.

एक, घरातल्या मोठ्यांचं वजन दर महिन्याला लिहून ठेवा. न ठरवता सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे साठाचे चोपन्नच्या खाली, तर ते ‘फिट’ होणं नव्हे. डॉक्टरांकडे जा.

दोन, कोणीही ॲडमिट झालं की विचारा, ‘वजन केलं का? पोषणाची तपासणी कधी? खाणं कधी सुरू करणार?’ लाजू नका. आणि आकडा माहीत नसेल तर माझ्यासारखा ठोकून देऊ नका!

तीन, ऑपरेशन ठरवून होणार असेल तर आधीचे आठवडे वाया घालवू नका. खचलेल्या माणसाला आधी थोडं भरून काढायचं का, हे डॉक्टरांना विचारा. तेही उपचारच आहेत.

गेल्या मे महिन्यात मी परत गावी गेले. ग्रुप काजवे बघायला भंडारदऱ्याला, मी मामांकडे. सकाळी मामा म्हणाले, ‘चल पोरी, अंगणवाडीत.’ सेविकाताई एका बाळाच्या दंडाला टेप लावत होत्या. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल. टेप पिवळ्यावर थांबली. ताईंनी वहीत लिहिलं आणि बाळाच्या आईला थांबवून घेतलं. दोन मिनिटांचं काम. मी नुसती बघत राहिले.

मग मामा चप्पल काढून आयांसाठीच्या काट्यावर उभे राहिले. दर महिन्याला येतात म्हणे, ताई त्यांचं वजन वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवतात. एकोणपन्नास.

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिचकावून विचारलं, ‘काय गं, आता दिसतोय का फिट?’

म्हटलं, ‘नाही मामा. जाड दिसताय.’

मामी दारातून म्हणाली, ‘हां! आता बोललीस शहाण्यासारखं.’